वरची फूटभर माती

वावरात विहीर खणायला घेतली की पहिल्या दिवशी काय निघते? काळी माती निघते. हाताला मऊ लागते. तिच्यात मुळ्या असतात, गांडुळे असतात, गेल्या सालच्या तुरीची धसकटे असतात. काळी संपली की पिवळी, चिकट माती लागते. मग मुरूम. मग खडक.

हे सारे आपण कुठे टाकतो? विहिरीच्या काठावर. आधी काळी टाकली, तिच्यावर पिवळी टाकली, तिच्यावर मुरूम, आणि सगळ्यात वर दगड. म्हणजे जे वर होते ते खाली गेले, आणि खालचे वर आले. त्या जागी मग वर्षानुवर्षे काही उगवत नाही. एखादी बाभूळ आली तर आली. विहिरीपुरती ही जागा दोन-चार गुंठ्यांची असते. म्हणून आपल्याला तिचे काही वाटत नाही.

कोळशाची खुली खदान म्हणजे अशीच एक विहीर. फक्त तिचे तोंड शेकडो एकरांचे असते.

चंद्रपूर, वणी, राजुरा, भद्रावती या बाजूला वर्धा नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली कोळसा आहे. तिकडे उमरेडलाही आहे. यांतल्या पुष्कळ खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या आहेत. तिचे मुख्य ऑफिस नागपूरला आहे. पूर्वी भुयारी खाणी जास्त होत्या. भुयारी खाणीत माणूस खाली उतरतो, कोळसा खालून काढतो, आणि वरचे वावर बहुतेक जागच्या जागी राहते. खुल्या खदानीत तसे नाही. तिथे कोळशावरचे सगळे उचलून बाजूला टाकतात. माती, मुरूम, वाळूचा दगड, सगळे. त्याचे मोठे डोंगर होतात. खदानीवर काम करणारे लोक त्याला ‘ओ. बी.’ म्हणतात. पुरा शब्द ‘ओव्हरबर्डन’. त्याचा अर्थ वरचा बोजा.

ज्याला कोळसा पाहिजे त्याच्या दृष्टीने वरचे सारे बोजाच, हे खरे. पण आम्हाला हा शब्द आवडत नाही. त्या बोजातला सगळ्यात वरचा थर म्हणजे आपल्या बापजाद्यांनी कसलेले वावर आहे. त्याला बोजा कसे म्हणावे?

या पाठात आम्हाला एवढेच सांगायचे आहे: खदान सुरू होण्याआधी ती वरची माती वेगळी काढावी, वेगळी ठेवावी, आणि जिवंत ठेवावी. पहिल्या दोन गोष्टी लोकांना लवकर पटतात. तिसरी पटायला वेळ लागतो.

एकदा रात्रीच्या वर्गात हा विषय निघाला. एक वयस्कर शेतकरी म्हणाले, “गुरुजी, ढीग तं तिथंच हाये ना? कोनी नेला नाही, वाहून गेला नाही. मंग माती मेली कशी म्हनता?”

त्यांचे विचारणे बरोबर होते. आधी त्याचेच उत्तर पाहू.

मातीचा जीव

वरच्या मातीचा थर फार जाड नसतो. कुठे वीतभर, कुठे फूटभर. आपल्या काळ्या भारी जमिनीत काळा रंग तीन-चार फूट खोल जातो. पण मातीचा खरा कस आणि खरा जीव वरच्या फूटभरातच असतो. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. खडक उन्हाने तडकतो, पावसाने झिजतो. त्यात पालापाचोळा कुजतो, किडामुंगी मरते. तेव्हा कुठे इंचभर माती होते.

त्या मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. चिमूटभर मातीत ते कोट्यवधी असतात. हरभऱ्याचे, तुरीचे किंवा सोयाबीनचे रोप उपटून बघा. मुळांवर लहान गाठी दिसतील. एक गाठ फोडा. आत लालसर रंग दिसला तर ती गाठ कामावर आहे असे समजा. त्या गाठीत राहणारे जंतू हवेतला नत्र धरून झाडाला देतात. नत्र म्हणजे युरियात जे खत असते तेच. हे जंतू ते फुकट देतात.

मातीत एक प्रकारची बुरशीही असते. ही बुरशी वाईट नाही बरं का. तिचे धागे केसाहून बारीक असतात. ते झाडाच्या मुळाला चिकटतात आणि मूळ जिथे पोचत नाही तिथून स्फुरद आणून देतात. बदल्यात झाडाकडून साखर घेतात. असा हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे.

शिवाय मातीत बी असते. आपण न पेरता पहिल्या पावसानंतर जे उगवते ते काय? तरोटा, केना, आघाडा, तऱ्हेतऱ्हेचे गवत. आपण त्याला तण म्हणतो आणि उपटतो. पण उजाड ढिगावर हेच तण पहिले पांघरूण घालते.

आणि मातीत पोकळी असते. गांडुळाची भोके, जुन्या मुळ्यांच्या वाटा. त्यांतून हवा आत जाते, पाणी मुरते.

आता ही माती उचलून तीस फूट उंच ढिगात टाकली तर काय होईल?

कडब्याची गंजी ओली असताना रचली तर काय होते ते आपण जाणता. बाहेरून पेंढ्या चांगल्या दिसतात. पण मधे हात घातला की आत गरम लागते, आंबूस वास येतो, कडबा काळा पडलेला असतो. मातीच्या उंच ढिगातही आत हवा पोचत नाही. वरचा हात-दीड हात थर श्वास घेऊ शकतो. त्याच्या खाली हवेवर जगणारे जंतू मरू लागतात. गांडुळे मरतात. बुरशीचे धागे तर उचलतानाच तुटलेले असतात. पोसायला जिवंत मूळ नसले की पुन्हा वाढत नाहीत. बियांपैकी काही कुजतात, काहींची उगवण्याची ताकद जाते. वरच्या वजनाने खालची माती दबते, आणि पोकळी बुजते.

नत्राचेही नुकसान होते. हवा नसली की तो ढिगात एका रूपात साठून राहतो. मग कधी तरी ढीग फोडून माती पसरली की तिला एकदम हवा लागते. त्या साठलेल्या नत्राचे रूप बदलते, आणि पहिल्या जोरदार पावसात तो पाण्याबरोबर वाहून जातो. जुन्या ढिगाची माती पसरल्यावर पहिल्या पंधरवड्यात गवत हिरवेगार दिसते आणि पुढे पिवळे पडते, त्याचे एक कारण हे आहे.

म्हणून त्या शेतकऱ्याला आम्ही म्हणालो, “बाबाजी, ढीग तिथेच आहे हे खरे. पण घर उभे असले म्हणजे आत माणसे आहेतच असे नाही.”

वाफशाचे ज्ञान

आता काम कसे करावे ते पाहू. इथे इंजिनियरपेक्षा शेतकऱ्याला जास्त कळते असे आमचे मत आहे. कारण या सगळ्या कामाची किल्ली एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे वाफसा.

काळी माती ओली असली की रगडा होतो. ती पोकलेनच्या बकेटला चिकटते, डोझरच्या साखळीखाली दबून विटेसारखी घट्ट बसते. अशी एकदा दबलेली माती पुन्हा मोकळी व्हायला फार वर्षे लागतात. उन्हाळ्यात तीच माती दगडासारखी होते. मग तिची ढेकळे निघतात, नाही तर धूळ उडते. पेरणीला जसा वाफसा पाहिजे, तसाच माती उचलायलाही वाफसा पाहिजे. कुठलाही शेतकरी पावसात औत घालत नाही. मग पावसात डोझर का घालावा?

परीक्षा सोपी आहे. मूठभर माती घेऊन गोळा करा. कमरेइतक्या उंचीवरून खाली टाका. गोळा चपटा होऊन बसला तर माती फार ओली आहे. गोळा झालाच नाही तर फार कोरडी आहे. गोळा झाला आणि पडल्यावर फुटला तर वाफसा आहे. आपल्या भागात पाऊस सरल्यावर, आश्विन-कार्तिकात, ही वेळ येते.

उचलण्याआधी जागोजागी हातभर खड्डे घेऊन थर किती जाड आहे ते मोजावे. एका वावरात फूटभर निघेल, टेकाडावर वीतभरही निघणार नाही. सरसकट एकच माप लावले तर एकीकडे चांगली माती खाली राहते आणि दुसरीकडे मुरूम मिसळतो. मोठी झाडे आधी काढावी. बारीक गवत, पालापाचोळा मात्र मातीबरोबर येऊ द्यावा. तो तिचा खुराक आहे. काळी आधी उचलावी. खालची पिवळी माती चांगली असेल तर तिचा ढीग निराळा करावा. काळी, पिवळी आणि मुरूम एकत्र झाले की ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत. ताकातून पाणी काढायला जाण्यासारखे ते आहे.

हिशेब करून पाहा

आता थोडे गणित. पाटीवर करून पाहावे.

एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. एक फूट जाडीची माती काढली तर ४३,५६० घनफूट झाली. १०० घनफूट म्हणजे १ ब्रास. तेव्हा एका एकरातून सुमारे ४३५ ब्रास माती निघते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास माती मावते. म्हणजे एका एकराच्या चारशेवर ट्रॉल्या झाल्या! आपल्या पायाखाली केवढी इस्टेट पडली आहे ते यावरून समजते.

खणलेली माती फुगते. साधारण सव्वापट होते. म्हणजे ४३५ ब्रासचे सुमारे ५४४ ब्रास झाले. ती पाच फूट उंच रचायची म्हटले तर किती जागा लागेल? ५४,४०० भागिले ५. सुमारे १०,८८० चौरस फूट, म्हणजे १० गुंठे. ढिगाला उतार द्यायचा तर आणखी दोन-तीन गुंठे धरा. याचा अर्थ असा की १०० एकरांची माती नीट ठेवायला २५ ते ३० एकर जागा पाहिजे.

खरी अडचण इथे आहे. एवढी जागा कोणाला द्यायची नसते. जागा वाचवायची म्हणून ढीग उंच होतो. पाच फुटांचा पंधरा होतो, पंधराचा तीस होतो. कागदावर मात्र ‘माती जपून ठेवली आहे’ असे लिहिता येते. म्हणून ‘माती ठेवली का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘किती उंच ठेवली आणि केव्हापासून ठेवली?’ असे विचारावे.

सगळ्यात चांगले ठेवणे म्हणजे न ठेवणे. हे ऐकून नवल वाटेल. पण खदान पुढे पुढे सरकत जाते. पुढच्या अंगाला नवी जमीन उघडतात, आणि मागच्या अंगाला कोळसा काढून झालेला खड्डा ओ. बी.ने भरतात. तेव्हा पुढची काळी माती उचलावी आणि मागे भरून सपाट केलेल्या जागेवर त्याच हप्त्यात पसरावी. ढिगाची गरजच नाही. जंतू जिवंत, बी जिवंत. दुधाचे जसे आहे, धारोष्ण ते चांगले. पहिल्या काही वर्षांत मागे भरलेली जागाच नसते, तेवढ्यापुरता ढीग करावा लागतो. त्यानंतर मात्र हातोहात काम चालू शकते. याला आधीपासून आखणी लागते. कोणते वावर केव्हा उघडणार आणि त्याची माती कुठे जाणार, हे नकाशावर लिहिलेले पाहिजे.

ढीग कसा असावा

ढीग करावाच लागला तर तो दीड-दोन मीटरपेक्षा उंच नसावा. म्हणजे माणूस जवळ उभा राहिला तर ढीग त्याच्या खांद्याशी, फार तर डोक्याशी यावा. त्याचा माथा रुंद आणि उतार हळू असावा. जागा उंचवट्याची पाहावी. नाल्याच्या पात्रात किंवा पाणी साचते तिथे ढीग करू नये. भोवती चर खणावा आणि बांध घालावा, म्हणजे पावसात माती सुटली तरी बांधाशी अडेल. त्यावर गाड्या चढू देऊ नयेत. एक डंपर वर चढला की चाकाखालची माती गेली असे समजावे.

ढीग उघडा ठेवू नये. मृगाचा पाऊस पडला की त्यावर ताग, धैंचा, बरबटी फेकावी. सोबत गवताचे बी. डाळवर्गी पिकाच्या मुळांवरच्या गाठी मातीला नत्र देतात, मुळ्या माती धरून ठेवतात, आणि त्या बुरशीला जगायला जिवंत मूळ मिळते. पाऊस यायला अवकाश असेल तर तोवर कापलेले गवत अंथरावे. गाजरगवत मात्र फुलावर येण्याआधी उपटावे, नाही तर पुढे सगळ्या वावरात तेच जाईल.

ढिगावर मोठी झाडे लावू नयेत. पुष्कळांना हे उलटे वाटेल. झाड लावणे चांगले, मग इथे का नको? कारण झाडे मोठी झाली की ती तोडायला कोणी धजत नाही. मग ती माती तिथेच अडकते, आणि जिथे ती परत जायला हवी ते ढिगारे बोडकेच राहतात.

ढिगाजवळ पाटी लावावी. माती कोणत्या गटातली, किती ब्रास, कोणत्या तारखेला रचली, एवढे तीवर लिहावे. पाटी असली म्हणजे विचारणारा विचारू शकतो. पाटी नसली की काही दिवसांनी काळ्या मातीचा ढीग कोणता आणि ओ. बी.चा कोणता हे नव्या साहेबाला समजत नाही. वीटभट्टीवाल्याला मात्र ते नेमके समजते. त्याला हीच माती पाहिजे असते.

परत पसरताना

माती पसरण्याआधी ओ. बी.चा भराव सपाट करतात, किंवा हळू उताराचा करतात. गाड्या चालून चालून तो वरून डांबरी रस्त्यासारखा घट्ट झालेला असतो. त्यावर तशीच माती टाकली तर ती फरशीवर ठेवलेल्या गोधडीसारखी राहते. पाऊस आला की सरकते. म्हणून आधी तो भराव खोल नांगरून खरबरीत करावा लागतो. मग माती टाकून हलक्या हाताने पसरावी. तीच मशिन दहा वेळा मागे-पुढे फिरवू नये. इथेही वाफसा पाहावा, आणि पावसाळ्याच्या तोंडावर घाई करू नये. उताराला आडवे बांध घालावे.

पहिल्या वर्षी धान्याचा लोभ धरू नये. ताग घ्यावा आणि फुलावर आला की गाडावा. शेणखत घालावे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गवत, बरबटी. तोवर गुरे चारू नयेत. त्यानंतर माती तपासून पीक ठरवावे.

इतके करूनही पूर्वीचे वावर जसेच्या तसे परत येते का? नाही. खोटी आशा दाखवणे आम्हाला पसंत नाही. भराव वर्षानुवर्षे खचत राहतो, मधेच खोलगट जागा होऊन पाणी साचते. जमिनीखालच्या पाण्याच्या वाटा बदललेल्या असतात. पण काळी माती असलेला भराव आणि काळी माती नसलेला भराव यांत फरक फार मोठा आहे. एकावर चारा होतो, बांबू, करंज, कडुलिंब जगतात, पुढे कधी पीकही येऊ शकते. दुसऱ्यावर नुसती धूळ उडते.

काळी माती गमावल्यावर काय सायास पडतात ते नागपूर जिल्ह्यातच पाहायला मिळाले. सावनेरजवळ गुमगावला मँगनीजची खाण आहे. तिथल्या टाकाऊ ढिगाऱ्यांवर झाडे जगवण्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले. साखर कारखान्यातून निघणारी प्रेसमड आणून घातली. प्रयोगशाळेत वाढवलेले नत्राचे जंतू आणि ती मुळांवरची बुरशी रोपांना दिली. झाडे आली. प्रयोग मोठा चांगला होता. पण बघा, जंतू आणि बुरशी बाहेरून आणून घालावी लागली. जिवंत वरच्या मातीत ती मुळातच असतात.

गोव्यात लोखंडाच्या खाणी झाल्या. तिथे डोंगरावरचा मातीचा थर पातळ आणि पाऊस आपल्या दुपटीहून अधिक. उघड्या ढिगाऱ्यांचा गाळ पावसात खाली भातशेतीत आणि नदीनाल्यांत उतरला. म्हणजे ज्याच्या वावरात खाण नाही त्याचेही नुकसान झाले.

अमेरिकेत १९७७ साली खुल्या कोळसा खाणींसाठी कायदा झाला. वरची माती वेगळी काढा, लगेच पसरता येत नसेल तर निराळा ढीग करून त्यावर झाडोरा वाढवा, असे त्यात लिहिले आहे.

आपल्याकडचा नियम

आपल्याकडेही नियम आहेत. नवी खाण सुरू करायला पर्यावरण मंजुरी लागते. २००६ सालच्या अधिसूचनेत तिची रीत दिली आहे. मंजुरीआधी बहुतेक मोठ्या खाणींसाठी जनसुनावणी होते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. सुनावणीची नोटीस निदान ३० दिवस आधी निघते. खाणीच्या अहवालाचा सारांश मराठीतही करावा लागतो, आणि तो कलेक्टर ऑफिसात व जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. आपण आता वाचायला शिकला आहात. तो सारांश मागून घ्या आणि त्यात ‘वरची माती’ हे शब्द कुठे आहेत ते बोटाने शोधा. किती माती निघणार, कुठे ठेवणार, किती उंच, किती दिवस, आणि कोणत्या गटात परत पसरणार, या पाच गोष्टी सापडल्या पाहिजेत. न सापडल्या तर सुनावणीत उभे राहून विचारा. बोललेले लिहून घेतले जाते.

मंजुरी मिळाली की तिच्या पत्रात अटी असतात. वरची माती ठरलेल्या जागी नीट रचावी आणि जमीन सुधारायला वापरावी, ही अट कोळशाच्या खाणींच्या पत्रांत बहुधा असतेच. पत्राची प्रत ग्रामपंचायतीकडे यायला पाहिजे. अटी पाळल्या की नाही याचा अहवाल खाणीला वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. शिवाय ८ जानेवारी २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने सरकारला सांगितले की, खाणपट्टा देताना पुन्हा गवत उगवण्याची अट घालावी. खाणीने बिघडलेली जमीन चारा, झाडे आणि जनावरे यांना योग्य अशी करून द्यावी, आणि तो खर्च खाणवाल्याने करावा. पण गवत कशावर उगवणार? दगडावर नाही. म्हणून त्या निकालाचा पाया वरची माती हाच आहे, असे आम्ही समजतो.

हा नियम फक्त खदानवाल्यांना लावू नये. आपण शेततळे खणतो, मुरमाची खाण उघडतो. तिथेही पहिले दोन दिवस काळी माती वेगळी काढा आणि हलक्या वावरात पसरून टाका. मुरूम निराळा ठेवा. मशिनचे दोन-चार तास जास्त लागतात, तेवढेच.

ढिगातली माती जिवंत आहे की नाही हे गावातच पाहता येते. परवानगी घेऊन खाणीच्या माणसासोबत ढिगाजवळ जा. खदानीत एकट्याने शिरू नये, ते धोक्याचे आहे. एक घमेले माती वरच्या वीतभर थरातली घ्या. दुसरे घमेले ढिगाच्या बाजूने आत पाच-सहा फुटांवरची. ती खाणीच्या माणसाकडूनच मशिनने काढून घ्या. ढिगाखाली वाकून खणू नये, माती अंगावर येते. तिसरे घमेले आपल्या वावरातल्या धुऱ्याजवळचे, जिथे नांगर लागत नाही. तीन कुंड्या भरा. कुंड्या नसल्या तर तेलाचे जुने डबे चालतील, पण खाली भोक पाडा. कुंड्यांवर खडूने एक, दोन, तीन असे आकडे घाला. काही पेरू नका. रोज सारखे पाणी द्या आणि सावलीऐवजी उन्हात ठेवा. काय उगवते आणि किती उगवते ते दर आठ दिवसांनी वहीत लिहा. तीन आठवड्यांनी तिन्ही कुंड्या आणि ती वही ग्रामसभेत घेऊन जा. खाणीच्या साहेबांना त्या दिवशी बोलावून घ्या.